मास्तर मचव्यावर

मुंबई, लाकडी बंदर
२३ ऑक्टोबर १९५३

चि. बापूस मधुकरचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल कोजागिरीच्या दिवशी आम्ही उभयता मुंबईस सुखरूप पोचलो. पुलगावपर्यंत छोटी गाडी नेहमीप्रमाणे रमतगमत आली. तेवढ्या वेळात तुझ्या वहिनीने डब्यातल्या चार बायकांच्या घरची सगळी हकिकत काढून घेतली.

तीस वर्षे मी आर्वीच्या शाळेत भूगोल शिकवला. आखाते, सामुद्रधुन्या, भूशिरे छडीने दाखवली, आणि ज्यांना ती नकाशात सापडेनात त्यांना त्याच छडीने सापडवून दिली. समुद्र प्रत्यक्ष पाहिला तो मात्र काल, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी. नकाशात दिसतो त्यापेक्षा मोठा आहे, एवढेच तूर्त सांगतो.

आगबोट सोडून शिडाचा मचवा कशाला, असे तू निघताना विचारलेस. आगबोटीतून माणूस सामानासारखा जातो. वाऱ्यावर जाणे हा अभ्यास आहे. प्रेमदासशेठची सरकी ज्या मचव्याने कोकणात जाते त्याच मचव्याने बंदर-बंदर करत मालवणपर्यंत जायचे आणि परत मोटारीने यायचे, असा बेत आहे. ही कल्पना सर्वस्वी माझी. तुझ्या वहिनीने तीनदा नको म्हटले, तेव्हाच माझा निश्चय पक्का झाला.

एक ताकीद. माझ्या पाठीमागे मीरेचे पत्र घरी आल्यास ते न उघडता परत करावे. चार वर्षांपूर्वी तिने जातीबाहेर, माझ्या संमतीवाचून लग्न केले, त्या दिवशी ती मला परकी झाली. तिचे पहिले पत्र मी न वाचता फाडले हे तुला माहीत आहेच. ती कुठे असते हे मला ठाऊक नाही आणि ठाऊक करूनही घ्यायचे नाही.

दुकान संभाळून असावे. दादावरचा लोभ तो लांब गेला म्हणून पातळ होऊ देऊ नये.

तुझा
मधुकर

❖

मुंबई
शुक्रवार

चि. सौ. धुरपतास अन्नपूर्णेचे अनेक आशीर्वाद.

ह्यांचं पत्र भाऊजींना मिळेलच. त्यातला समुद्र मोठा आहे एवढं खरं मान, बाकीचं सावकाश पारखून घे.

आपला बेत जमला गं. शेठाणी सुमित्राबाईंच्या कानात मी जे घातलं ते त्यांनी शेठजींच्या तोंडून ह्यांच्या कानी बरोबर पोचवलं. मग मी तीनदा नको म्हटलं. तीस वर्षांच्या संसारात एवढं शिकले, की ह्यांना पूर्वेला न्यायचं असेल तर आपण पश्चिमेकडे तोंड करून बसावं.

मचवा चालवणारा तांडेल म्हणजे आपल्या मीरेचा नवरा, गंगाराम. जावई आज पहिल्यांदा पाहिला. उंच, सावळा, बोलणं हळू. वर्ध्याला वर्षभर हातकागद करायला शिकला तो हाच, हे त्याचे हात पाहून खरं वाटत नाही. दोर ओढून ओढून तळवे जोड्याच्या तळासारखे झालेत. वडील गेले म्हणून कागद सोडून बापाचा मचवा हाती घेतला, असं मीरेनं लिहिलं होतं. सासूनं जावयाला ओवाळायचं, ते राहिलंच. ह्यांच्या देखत चिवड्याचा पुडा दिला आणि तोंडदेखलं म्हटलं, खलाशांनाही वाट बापा. नाव सांगायचं नाही अशी त्याला ताकीद दिली आहे. सगळे तांडेलच म्हणतात, त्यामुळे निभेल.

मीरेला नववा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण आमचं माहेर तिची पत्रंसुद्धा दारातून परत धाडतं. म्हणून माहेरच शिडावर घालून तिच्याकडे नेते आहे. दिवाळीनंतर आठ-दहा दिवसांनी दिवस भरतात, त्याआधी पोचू. मालवणला उतरलं की ह्यांना सरळ तिच्या अंगणात उभं करायचं. पोरीला तशी पाहिल्यावर माणूस किती वेळ ताठ राहील?

भाऊजींना यातलं काही कळू देऊ नको. त्यांच्या दुकानातून गुळाच्या ढेपेबरोबर बातमीही पुड्यात बांधून जाते. मीरेची पत्रं प्रमिलाबाई मास्तरणींच्या पत्त्यावर येतात तशी येऊ दे आणि ज्वारीच्या कणगीत ठेवत जा. मीही तुला त्यांच्याच पत्त्यावर लिहिते आहे. तू मला विजयदुर्गच्या पोस्टमास्तरांच्या हवाली पत्र टाक.

लहानग्यांना पापे. तुझा माझा जीव एक आहे, वेगळं काय मागू.

तुझी जाऊ
अन्नपूर्णा

❖

आर्वी
ता. २७ आक्टोबर

तीर्थस्वरूप जाऊबाईले धुरपताचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

तुमचं पत्र परमिलाबाईनं आनून देल्लं. वाचून मले हसू आलं आन् डोयात पानीबी आलं. पोराले वाटलं कांदा चिरून राह्यली.

इकडं हे दुकानात ज्याले त्याले सांगून राह्यले का आमच्या दादानं जहाज घेतलं. एका गिऱ्हाइकानं त इचारलं म्हने, जहाज आर्वीले कवा येते. मुंबईवरून भासऱ्यांचं पत्र आलं ते यायनं मले वाचून दाखवलं. मीरेचं पत्र आलं त वापस कर, असं लिवलं हाय. वाचताना आवाज लय कडक केल्ता, पन डोये मात्र सारे कनगीकडं. मले धसकाच बसला. पन मंग जेवले आन् झोपले.

आता कायजीची गोठ. काल मीरेचं पत्र आलं. पाय सुजले, डोकं दुखून राह्यलं, सुईन म्हनते पोर दिवसाआधी येईन. नवरा दर्यावर, घरात एक म्हातारी आतेसासू, तिले डोयानं दिसत नाई. लिवते, काकू, आई कुठवर आली? मी तिले काय लिवू? तुमी वाऱ्याच्या भरवशावर. आमच्या इकडं वारा सुटला त कापूस उडते, त्याच्यापरीस जास्त मले वाऱ्यातलं समजत नाई.

जाऊबाई, लहान तोंडी मोठा घास घेते. काऊन नाई भासऱ्यांले खरं सांगून टाकत? रागावतीन, दोन दिवस जेवनार नाई, मंग जेवतीन. पन मी सांगनारी कोन, मीच चार सालापासून कनगीत पत्रं दडवते.

सांभाळून राहाजा. पान्याच्या कडंले जाऊ नोका. माया हाय तशी ठेवजा.

तुमची
धुरपता

❖

रत्नागिरी
३० ऑक्टोबर १९५३

चि. बापूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

आज सकाळी रत्नागिरीस लागलो. प्रकृती उत्तम आहे. मधले तीन दिवस पित्ताचा किंचित त्रास झाला. त्याचा समुद्राशी काही संबंध नाही. मुंबईत चहा वाईट मिळाला.

प्रवासात अभ्यास चालू आहे. अलिबागेपुढे मी तांडेलाला मतलई वारे आणि खारे वारे कसे निर्माण होतात हे सविस्तर समजावले. जमीन लवकर निवते, पाणी उशिरा निवते, वगैरे. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि शीड दुसऱ्याच बाजूला फिरवले. थोड्याच वेळात वारा त्या बाजूने आला. पुस्तकात दुरुस्ती व्हायला हवी.

हा तांडेल कमी बोलतो. मला त्रास होत होता तेव्हा त्याने माझे डोके धरले, कोकमाचे पाणी पाजले, आणि एक खलाशी हसला त्याला नुसत्या नजरेने गप्प केले. नंतर त्या गोष्टीचा उल्लेखही केला नाही. असा जावई ज्याच्या वाट्याला आला असेल त्याला त्याची किंमत असेलच असे नाही. जगाची रीत आहे.

तुझी वहिनी मात्र ठणठणीत. मासळीचा वास आला की नाकाला पदर लावणारी बाई आता सुकाणूपाशी बसून असते आणि आपले कोणते गाव मागे पडले ते मला सांगते.

इथला किल्ला आणि दीपस्तंभ मी वर्गात किती वर्षे शिकवले. पण पाहायला गेलो नाही. तांडेलाला म्हटले, इथे रेंगाळू नकोस, माल उतरला की पुढे चल. समुद्र पुरेसा पाहून झाला आहे. इथून एस.टी. दुसऱ्या दिवशी मालवणला पोचवते असे धक्क्यावर कळले. एकदा मनात आलेही. पण मचव्याने जायचे ठरवले ते ठरवले. वाटेतच वाहन बदलले तर लोक काय म्हणतील?

तुझे पुढचे पत्र मालवणला टाक. थोरल्या भावाची आठवण रोज नाही तरी दिवसाआड काढीत जा.

तुझा
मधुकर

❖

विजयदुर्ग
३ नोव्हेंबर

चि. सौ. धुरपतास आशीर्वाद.

तुझं पत्र काल इथल्या पोस्टात मिळालं. घाईनं लिहिते.

तीन दिवस झाले, आम्ही खाडीच्या तोंडाशी अडकलो आहोत. वाराच नाही. शीड वाळत घातलेल्या धोतरासारखं लोंबतं आणि पाणी तेल ओतल्यासारखं निपचित. गंगाराम दर घटकेला उठतो, तोंड ओलं करून वाऱ्याकडे धरतो आणि पुन्हा खाली बसतो. तुझं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. पाय सुजल्याचं ऐकून नुसता दोर वळत राहिला. वळलेला दोर पुन्हा उलगडून पुन्हा वळला.

मग संध्याकाळी माझ्याकडे येऊन म्हणाला, की आई, मला चोरासारखं वाटतं. ज्या माणसानं मला चार वर्षं शिव्या दिल्या त्याचं डोकं मी मांडीवर घेतलं, त्यात मला कमीपणा नाही. पण नाव लपवून घेतलं, त्यात आहे. मी सांगून टाकतो. मी त्याचे हात धरले आणि म्हटलं, मालवणपर्यंत थांब. भर पाण्यात हे भडकले तर उतरून जातील कुठे? तो थांबला. मी त्याला थांबवलं, हे लिहून ठेवते.

रत्नागिरीला एस.टी.नं जाऊ म्हणावं असं माझ्या ओठावर आलं होतं. पण मी म्हटलं असतं तर ह्यांनी का म्हणून विचारलं असतं, आणि त्या काला द्यायला माझ्याकडे खोटं शिल्लक नव्हतं.

ह्यांचंही काही कळत नाही. इतकी वर्षं ज्या किल्ल्याचं चित्र फळ्यावर काढलं तो समोर उभा आहे, तर त्याच्याकडे पाठ करून बसतात. दिवसातून दहा वेळा तांडेलाला विचारतात, वारा कधी येईल. मला वाटतं दर्याला कंटाळले आणि घरची ओढ लागली. जेवतही नाहीत नीट. पित्त पित्त म्हणतात, पण पाणी तर हलतही नाही.

आत्ता खलाशी ओरडले. दक्षिणेकडून झुळूक आहे म्हणतात. म्हणजे आली तीही समोरून. आता पत्र बंद करते. देवापुढे दिवा लाव. मीरेसाठी लावतेस हे भाऊजींना सांगू नको.

तुझी
अन्नपूर्णा

❖

आर्वी
ता. ४ नोव्हेंबर १९५३

तीर्थरूप दादांच्या चरणी बापूचा शि. सा. न. वि. वि.

दादा, हे पत्र तुम्ही बसून वाचावं. उभ्यानं वाचू नये.

मी तुमची आज्ञा मोडली. आजची नाही, चार सालांपासून मोडून राहिलो आहे. धुरपता मीरेची पत्रं ज्वारीच्या कणगीत ठेवते. ज्वारी काढायला मीच जातो, हे तिच्या ध्यानात नाही. मी सगळी पत्रं वाचली आणि होती तशी परत ठेवली. धुरपताला वाटतं मला मालूम नाही. मी तिला कळू दिलं नाही, कारण एवढं एकच गुपित माझ्या पोटात आजवर टिकलं, त्याचा मला अभिमान आहे.

पोर मालवणला असते. तिचे दिवस भरत आले आहेत. प्रकृती बरी नाही, घरी कोणी नाही. तुम्ही जिथं उतरणार तिथंच ती आहे. चौकशी केली तर कुबलांचं घर कोणीही दाखवील. जावयाचं नाव गंगाराम. तुमचा राग मोठा आहे, मी लहान आहे. पण दादा, लहानपणी मी विहिरीत पडलो तेव्हा तुम्ही पोहता येत नसताना उडी मारली होती. तेव्हा तुम्ही माझी जात-संमती विचारली नव्हती.

रागावला तर मलाच रागवा. धुरपताला काही म्हणू नये. वहिनीला तर यातलं काहीच माहीत नसेल.

चुकलं माकलं पोटात घालून पाखर असू द्यावी.

आपला
बापू

❖

मालवण
९ नोव्हेंबर १९५३

चि. सौ. धुरपतास अन्नपूर्णेचे आशीर्वाद.

मुलगी झाली. आधी हे लिहिते, म्हणजे तू खाली बसून पुढचं वाचशील. मीरा वाचली.

आता सगळं सांगते. समोरच्या वाऱ्याशी झुंजत आम्ही नरकचतुर्दशीच्या सकाळी कसेबसे देवगडला शिरलो. मी ह्यांना डब्यातल्या पाण्याच्या दोन तांब्यांत उटणं लावून अभ्यंग घातलं आणि फराळाचं काढते आहे, तोच धक्क्यावरून एक माणूस होडीनं मचव्याकडे आला. मालवणहून निरोप होता. मीरेला आदल्या दिवसापासून कळा लागल्या आहेत, अडली आहे, डॉक्टर बोलावलेत, गंगारामनं असेल तसं निघावं.

गंगारामचा चेहरा राखेसारखा झाला. त्या वाऱ्यात मचव्यानं दोन दिवस लागले असते. गाडीनंच जायला हवं होतं. पण ह्यांच्यासमोर काय कारण सांगावं हे त्याला सुचेना. माझ्याकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं, आणि मला घरी जरुरीचं काम निघालं आहे, मचवा जुन्या खलाशाच्या ताब्यात देऊन जातो, असं काहीतरी पुटपुटला. सांगायचं होतं ते सगळं मालवणच्या अंगणासाठी राखून ठेवलं होतं, देवगडासाठी माझ्याकडे एक शब्द नव्हता.

हे हातात करंजी घेऊन बसले होते. ती खाली ठेवली, उठले आणि म्हणाले, "गंगाराम, चल. माझी पोर वाट पाहते आहे."

धुरपता, त्या मचव्यावर ते नाव कोणी कधी उच्चारलं नव्हतं. मी नाही, त्यानं नाही, खलाशांनी नाही. आम्ही दोघं ह्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. हे मात्र होडीत पाय ठेवताना मला म्हणाले की तोंड मिटा आणि ट्रंक राहू द्या.

देवगडहून कणकवलीपर्यंत एस.टी. मिळाली. पुढची गाडी चुकली. मग कौलांच्या मालमोटारीत चढलो. ह्यांनी पुढे बसायला नकार दिला, मागे गंगारामच्या शेजारी कौलांवर बसले. दुसऱ्या दिवशी, लक्ष्मीपूजनाच्या दुपारी पोचलो. पोर पहाटेच झाली होती. पण मीरेला बाळंत होताच झटके आले होते आणि शुद्ध नव्हती. डॉक्टर म्हणाले, आठ दिवस आधी कोणी लक्ष दिलं असतं, मीठ तोडलं असतं, निजवून ठेवलं असतं, तर एवढी पाळी आली नसती.

ते वाक्य मी ऐकलं, ह्यांनीही ऐकलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

दोन दिवस तिला मी माझ्या हातानं चमच्यानं पाणी पाजलं. गावात दिवे लागले होते, आमच्या अंगणात शेजारणीनं एक पणती आणून ठेवली. काल संध्याकाळी तिनं डोळे उघडले आणि मला म्हणाली, आई, तू कधी आलीस. मी म्हटलं, उशिरा.

आता धोका नाही असं डॉक्टर सांगतात. पेज घेते. पोर काळीसावळी, बापासारखी लांब हातांची आहे. भाऊजींना आता सांगायला हरकत नाही. सावकाश सांग, त्यांना धक्का बसेल.

उरलेलं घरी आल्यावर. माझ्या माणसांना जप.

तुझी
अन्नपूर्णा

❖

मालवण
१५ नोव्हेंबर १९५३

चि. बापूस मधुकरचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र इथे मिळाले. बसूनच वाचले. मी तुझ्यावर रागावलेलो नाही. वहिनीला काहीच माहीत नसेल असे तू लिहिलेस, तेवढ्यावर मात्र हसलो. त्या आठवड्यात तेवढेच.

तू आपले गुपित लिहिलेस, म्हणून मीही लिहितो. मीरेचे पहिले पत्र मी न वाचता फाडले नव्हते. वाचून फाडले होते. दोनदा वाचून. तिच्या नवऱ्याचे नाव, गाव, मचवा, सगळे त्यात होते. प्रेमदासशेठने मचव्याची गोष्ट काढली तेव्हाच मला शंका आली. मुंबईला चढलो तेव्हा सुकाणूजवळ परवाना चिकटवलेला होता. मास्तरची सवय, समोर अक्षर दिसले की वाचतो. गंगाराम लक्ष्मण कुबल, मालवण. तुझी वहिनी चिवडा देत होती तेव्हा मला सगळे कळलेले होते.

मग बोललो का नाही, हे तू विचारशील. प्रथम वाटले, बाईने इतक्या मेहनतीने रचलेले मोडू कशाला. हे मी स्वतःला सांगितलेले कारण. खरे असे, की तिच्या फसवणुकीत माझी फार सोय होती. मला न सांगता ती मला पोरीच्या दारात नेऊन उभे करणार, मी थोडे रागावून दाखवणार, आणि मग सगळ्यांच्या आग्रहाखातर आत जाणार. चुकलो हे शब्द तोंडातून न काढता काम होत होते. असा मार्ग कोणाला नको असतो?

पण बापू, रत्नागिरीच्या धक्क्यावर एस.टी. उभी होती. मला पोरीची ओढ होती, नाही असे नाही. मी तिथे एकच वाक्य बोललो असतो, तर आम्ही दिवाळीच्या चार-पाच दिवस आधी तिच्याजवळ असतो. तुझ्या वहिनीला तिच्या सुजलेल्या पायांचे पुढे विजयदुर्गला कळले, मला तेही कळले नाही. तरी तिचे दिवस भरत आल्याचे खलाशांच्या बोलण्यावरून कळले होते, आणि पहिलटकरीण घरात एकटी आहे, एवढा हिशेब भूगोलाच्या मास्तराला करता यायला हवा होता. मी मचव्यात बसून राहिलो. विजयदुर्गला तीन दिवस वारा नव्हता, त्याला आम्ही दोघे दोष देत होतो. वाऱ्याचा काय दोष? त्या मचव्यावर तीन माणसे एकाच ठिकाणी जायला निघाली होती आणि तिघेही एकमेकांना ते कळू देत नव्हते. त्यातला गंगाराम तरी सांगू पाहत होता. तो आमच्याहून निम्म्या वयाचा आहे.

हे मी तुझ्या वहिनीला सांगितले आहे. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, अर्धे माझे. मी म्हटले, अर्ध्याहून जास्त माझे. त्यावर आमचे भांडण झाले. या विषयावर बहुधा यापुढेही होत राहील.

गंगारामशी काय बोलावे हे मला आठ दिवस समजत नव्हते. परवा तो मचवा आणायला देवगडला निघाला, तेव्हा मी त्याच्याबरोबर गेलो. परतीच्या वाटेवर मला पुन्हा ओकाऱ्या झाल्या आणि त्याने पुन्हा डोके धरले. या वेळी मी पित्त म्हटले नाही. त्याला म्हटले, की तुला न पाहता मी तुझ्याविषयी फार वाईट बोललो आहे. तो म्हणाला, ठाऊक आहे, मीरेला कोणी ना कोणी लिहीत असे. मग म्हणाला, की पाण्याकडे पाहू नका, लांब किनाऱ्याकडे पाहा, म्हणजे मळमळ थांबते. मी तसे केले. थांबली.

आता मीरेचे. ती शुद्धीवर आली त्या दिवशी मी ओसरीवर होतो. तिथेच राहिलो. पाचव्या दिवशी तिनेच हाक मारून बोलावले. मी दाराशी जे काही मनात जुळवून ठेवले होते ते खोलीत शिरताच गेले. तिला विचारले, जेवलीस का. ती हो म्हणाली. तिने मला काही विचारले नाही. चार वर्षांचे नाही, पत्रांचे नाही, उशिराचे नाही. विचारले असते तर बरे झाले असते. तिने पोर उचलून माझ्या मांडीवर ठेवली, म्हणाली, बाबा, जरा धरा, मला झोप येते आहे. आणि भिंतीकडे वळून खरोखरच झोपली.

मी दीड तास तसाच बसलो. पाय मुंग्यांनी भरला, पाठ धरली. तुझ्या वहिनीने दोनदा येऊन पोर घेऊ का म्हणून खुणेने विचारले. मी नाही म्हटले. मला एवढेच धरायला सांगितले होते आणि ते तरी मला नीट करायचे होते.

बारसे पुढच्या मंगळवारी आहे. पोराबाळांसह निघ आणि धुरपताला घेऊन ये. पोचायला उशीर झाला तरी चालेल, पण ये. आम्हां पाचांवर तुम्हां सर्वांची माया राहो.

तुझा
दादा